गेम कपाटात आहे, पण चालेल का?

व्हिडिओ गेमच्या दुनियेतून डिस्क हळूहळू बाहेर पडते आहे. २०२० मध्ये आलेल्या एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क ड्राइव्हच नव्हता. नोव्हेंबर २०२४ मधल्या प्लेस्टेशन ५ प्रोलाही तो नाही. हवा असेल तर वेगळे पैसे मोजून जोडावा लागतो. पीसीवर ही सुरुवात फार आधी झाली. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ डिस्कवर घेणाऱ्यालासुद्धा स्टीम या ऑनलाइन दुकानात खातं उघडल्याशिवाय तो खेळता येत नव्हता.

या बदलाबद्दल लोक तावातावाने बोलतात आणि बोलावंच, कारण पैसे आपले जातात. पण डिस्कवाले आणि डाउनलोडवाले, दोघांच्याही डोक्यात काही समजुती घट्ट बसल्या आहेत आणि त्यापायी मूळ मुद्दा बाजूला पडतो. गेम कशातून घरात आला यापेक्षा, सुरू होण्याआधी तो कुणाची परवानगी मागतो हे बघायला हवं.

गैरसमज : डिस्क घेतली की अख्खा गेम घरात आला.

कार्ट्रिजच्या काळात हे शंभर टक्के खरं होतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी निन्टेन्डोच्या नकला आल्या, त्यांचं कार्ट्रिज खाचेत बसवलं की टीव्हीवर गेम सुरू व्हायचा. प्लेस्टेशन २ पर्यंत डिस्कचंही साधारण असंच होतं. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपासून मात्र कन्सोल डिस्कवरचा गेम आधी स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतो आणि पुढे तिथूनच चालवतो. मग डिस्क आत ठेवायची ती फक्त ‘प्रत याच माणसाकडे आहे’ एवढं पटवण्यासाठी.

डिस्कवर काहीच नसतं, असा याचा अर्थ नाही. पुष्कळ डिस्क इंटरनेट तोडूनही शेवटपर्यंत खेळता येतात, आणि ‘डझ इट प्ले’ नावाचा हौशी मंडळींचा गट एकेक डिस्क अशी तपासून निकाल जाहीर करत असतो. त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. पण २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर टू’ची प्लेस्टेशन ५ ची डिस्क घ्या. या कन्सोलच्या ब्लू-रे डिस्कवर १०० जीबीपर्यंत मावतं. त्या डिस्कवर होते सुमारे ७० एमबी. फोनवरच्या एका लहानशा व्हिडिओएवढे. बाकी सगळा गेम डाउनलोड करायचा. पैसे मोजून, सीलबंद खोकं उघडून माणसाच्या हाती आलं ते एवढंच.

जून २०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ बाजारात आला आणि हा प्रकार अधिकृत झाला. त्याचं नाव ‘गेम-की कार्ड’. खोक्याच्या दर्शनी बाजूला, खालच्या अंगाला एक पट्टी असते; तिच्यावर किल्लीचं चित्र आणि इंटरनेटवरून पूर्ण गेम डाउनलोड करावा लागेल अशी सूचना. आतल्या कार्डावर गेम नाहीच, फक्त परवानगीची किल्ली आहे. खेळताना ते कार्ड खाचेत ठेवावं लागतं आणि विकलं तर किल्लीही नव्या मालकाकडे जाते, ही जमेची बाजू. पण उद्या निन्टेन्डोने त्या गेमचं डाउनलोड बंद केलं, तर ज्याने तो आधीच उतरवून घेतलेला नाही त्याच्या हातात प्लॅस्टिकचा तुकडा राहील.

गैरसमज : पूर्वी गेम आपल्या मालकीचा असायचा, आता नुसता परवाना मिळतो.

परवाना तेव्हाही होताच. जुन्या खोक्यांतल्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत तो छापलेला असायचा आणि कुणी वाचत नसे. फरक पडायचा तो वस्तू हातात असल्यामुळे. डिस्क विकता येते, मित्राला देता येते, मामेभावाकडे सुट्टीत नेता येते, आणि बहुतेक देशांचे कायदे एकदा विकलेल्या प्रतीवर विक्रेत्याला पुन्हा हक्क सांगू देत नाहीत.

मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनसाठी नेमकं हेच मोडायचं ठरवलं होतं. दर चोवीस तासांनी कन्सोलने इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुन्या गेमच्या देवघेवीवर बंधनं. त्याच जून महिन्यात सोनीने अवघ्या काही सेकंदांचा एक व्हिडिओ काढला : प्लेस्टेशन ४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक माणूस डिस्कचं खोकं उचलतो आणि शेजारच्याच्या हातात देतो. संपलं. लोकांचा संताप इतका होता की मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. दहा-बारा वर्षांनी ड्राइव्हच नसलेले कन्सोल घराघरांत पोचले आणि दुसऱ्याला गेम देण्याची ती सोय तिथे कुणी बंदी न घालताच संपली.

आपल्याकडे ही हानी जास्त लागते. नवा गेम चार-पाच हजारांच्या घरात. तो संपवायचा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नेऊन विकायचा आणि त्यात थोडी भर घालून पुढचा घ्यायचा, किंवा चार मित्रांत मिळून एकच डिस्क फिरवायची, असं करत कित्येक मध्यमवर्गीय पोरं गेम खेळत आली. डाउनलोडमध्ये हे सगळं चक्रच थांबतं. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेने स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यावेत म्हणून खटला भरला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, पण २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

कॅलिफोर्नियाने निदान शब्दांना तरी शिस्त लावली. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तूसमोर ‘खरेदी करा’ असं लिहायचं असेल, तर ग्राहकाला परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हा नियम नाही. पैसे देण्याच्या पानावर स्टीमने तशी ओळ त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये टाकली.

गैरसमज : डाउनलोड म्हणजे स्वस्त.

पीसीवर बऱ्याच अंशी खरं आहे, कारण तिथे दुकानं अनेक आहेत आणि सेलमध्ये चढाओढ असते. कन्सोलवर दुकान एकच, तेही कन्सोल बनवणाऱ्याचं. २०१९ मध्ये सोनीने बाहेरच्या दुकानदारांना आपल्या पूर्ण गेमचे डाउनलोड कोड विकणंही थांबवलं. नव्या गेमची किंमत बहुधा दोन्हीकडे सारखीच असते : ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ अमेरिकेत कार्डावर आणि डाउनलोडमध्ये ७९.९९ डॉलरलाच आला, युरोपात मात्र डाउनलोड दहा युरोंनी स्वस्त ठेवला. शिवाय डिस्क विकली की काही पैसे परत येतात, हे किमतीची तुलना करताना धरलंच पाहिजे.

गैरसमज : ऑनलाइन दुकान बंद झालं की घेतलेले गेमही गेले.

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यूचं दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. नवी खरेदी थांबली, पण आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवून घेण्याची सोय चालू ठेवली. कोनामीच्या ‘पी.टी.’चं वेगळं झालं. २०१४ मध्ये फुकट दिलेला हा भयपटासारखा छोटा गेम एप्रिल २०१५ मध्ये दुकानातून काढला आणि पुढे तो पुन्हा डाउनलोडही करता येईना. ज्यांच्या प्लेस्टेशन ४ मध्ये तो राहिला, त्यांच्याकडेच तो आहे. तिसरा प्रकार सर्व्हर बंद होण्याचा, आणि तिथे डिस्कवाल्यालाही माफी नाही. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. सोनीने पैसे परत केले, पण छापलेल्या डिस्क निकामी झाल्या त्या झाल्याच.

गैरसमज : डिजिटल विक्रीने भलं झालं ते फक्त बड्या कंपन्यांचं.

हे मला अजिबात मान्य नाही. डिस्क छापायची, खोकी करायची, दुकानातल्या फळीवर जागा मिळवायची, हा खर्च लहान माणसाला झेपणारा नव्हता. एरिक बॅरोनने जवळजवळ एकहाती घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये स्टीममुळेच जगभर गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातून आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या उत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. दुर्गेच्या वराने लढणारी, सर्कशीतली एक मुलगी पुण्यातून थेट टोकियोतल्या खेळाडूच्या हातात पोचली ती डाउनलोडमुळे. ही वाट बंद व्हावी असं कुणाही गेमवेड्या माणसाला वाटणार नाही.

गैरसमज : जुने गेम कंपन्या जपून ठेवतातच.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठल्याही रीतसर मार्गाने मिळत नव्हते. हे बहुतांश डिस्क आणि कार्ट्रिजचे गेम आहेत, म्हणजे विस्मरणाचा दोष एकट्या डाउनलोडला देता येत नाही. संशोधकांना ग्रंथालयांमार्फत दुरून असे गेम खेळू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. सिनेमाला संग्रहालय हवं हे आपण मान्य केलं आहे. गेमच्या बाबतीत तेवढीही समज अजून आलेली नाही, याचं वाईट वाटतं.

उलट उदाहरणही डिजिटल जगातलंच आहे. पोलंडचं गॉग हे दुकान २००८ पासून गेम कुलुपाविना विकतं. इन्स्टॉलर उतरवायचा, स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. नंतर दुकान राहो न राहो, पीसी चालला की गेम चालतो. डिस्क नसूनही ही मालकी त्या ७० एमबीच्या डिस्कपेक्षा कितीतरी खरी आहे.

गैरसमज : सर्व्हर बंद झाल्यावर कंपनीने काही करणं अशक्यच असतं.

यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ डिसेंबर २०१४ मध्ये आला. मोटारींचा गेम, अख्खी अमेरिका छोट्या प्रमाणात उभी केलेली, न्यूयॉर्कहून निघून लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकत जाता यायचं. एकट्याने खेळायची कथाही होती, पण तीसुद्धा सर्व्हरशी जोडल्याशिवाय उघडत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क असो वा डाउनलोड, गेम सगळ्यांचाच थांबला. रॉस स्कॉट या यूट्यूबरने त्यावरून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी केली. मागणी माफक आहे : सर्व्हर कायमचा चालवा असं कुणी म्हणत नाही, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. युरोपीय नागरिकांच्या याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या झाल्या. दरम्यान सप्टेंबर २०२४ मध्ये यूबीसॉफ्टने ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ हे पुढचे दोन्ही गेम इंटरनेटशिवाय खेळता येतील असं जाहीर केलं, आणि पहिला भाग चाहत्यांनी स्वतः सर्व्हर लिहून पीसीवर पुन्हा चालू केला.