वायफाय सारखं तुटतंय? आधी कुठे तुटतंय ते शोधा

इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की बंगळुरू, घराघरातून एक आरोळी हमखास ऐकू येते: "नेट गेलं!" ऑनलाइन मुलाखत चालू असते, समोरच्यांनी नेमका महत्त्वाचा प्रश्न विचारलेला असतो, आणि पडद्यावर तुमचा चेहरा गोठतो. मग धावत जाऊन राउटर बंद-चालू करायचा. नेट परत येतं, पण बिघडलं काय होतं ते कळत नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

"नेट गेलं" या दोन शब्दांत दोन वेगळ्या तक्रारी असतात. लॅपटॉप ते राउटर हा पहिला टप्पा, हवेतला. राउटरपासून कंपनीपर्यंतचा दुसरा टप्पा, तारेतला. पहिला बराचसा आपल्या हातात असतो, दुसरा नसतो. म्हणून सेटिंगमध्ये काहीही बदलण्याआधी कुठला टप्पा तुटतोय ते पाहू.

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द सलग टाइप करून एंटर दाबा. वायफायच्या मथळ्याखाली 'डिफॉल्ट गेटवे'समोर आकडे दिसतील, बहुतेक घरांत १९२.१६८ ने सुरू होणारे. हा तुमच्या राउटरचा पत्ता. आता 'पिंग', जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून 'टी' अक्षर टाइप करा. लॅपटॉप दर सेकंदाला राउटरला हाक मारत राहील. दुसरी खिडकी उघडून हेच ८.८.८.८ या पत्त्यासाठी करा. तो गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं जग. दोन्ही चालू ठेवून नेहमीचं काम करत राहा.

नेट अडखळलं की आधी राउटरची खिडकी बघा. तिथून उत्तर साधारण १० मिलिसेकंदांच्या आत यायला हवं. तिथेच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसत असेल किंवा आकडा सारखा शेकड्यांत उडत असेल, तर दोष हवेतला. ती खिडकी शांत आणि फक्त दुसरी अडखळतेय, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागलाय का ते पाहा. लागला असेल तर प्रकाश तुमच्या घरापर्यंत पोचतच नाहीये: केबल दुमडली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा बाहेर कुठे तुटली असेल. तक्रार नोंदवताना "राउटरपर्यंत पिंग व्यवस्थित आहे, पुढे तुटतंय" एवढं सांगा. "लॅपटॉप रीस्टार्ट करून बघा" हे पालुपद बरंचसं टळतं.

आता हवेतला दोष. लॅपटॉपशेजारी फोन ठेवून त्याच वायफायवर व्हिडिओ लावा. फोनही अडखळतो का? मग मामला जागेचा किंवा गर्दीचा आहे. राउटरमध्ये बहुधा दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतींतून जास्त लांब जातो, पण तिथे शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. इमारतीत राहत असाल आणि राउटर त्याच किंवा शेजारच्या खोलीत असेल, तर ५ गिगाहर्ट्झच घ्या. दूरच्या खोलीसाठी २.४ वर राहावं लागलं तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या मागे दडवलेला असेल तर आधी तो बाहेर काढा. दिसायला बरं दिसत नाही, मान्य आहे. पण 'सिग्नल बूस्टर'वर पैसे घालण्याआधी हा फुकटचा उपाय करा. साधे बूस्टर एकाच बँडवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो.

फोन ठीक चालतोय आणि फक्त लॅपटॉप अडखळतोय? मग दोन गोष्टी तपासा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' हा टॅब असेल, तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू देणाऱ्या खुणेवर क्लिक करून ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क काढल्यावर वायफाय सुधारलं तर लांब केबल लावून ती दूर ठेवा, किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. ड्रायव्हर अपडेट करायचा तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. दुरुस्ती अलीकडच्या अपडेटनंतरच सुरू झाली असेल, तर 'रोल बॅक'नं जुना ड्रायव्हर परत आणता येतो.

राहता राहिला वीजपुरवठा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतात. काही घरांत राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि डबा मात्र साध्या प्लगवर. अशा वेळी वायफायची खूण पूर्ण दिसते आणि नेट नसतं. दोन्ही एकाच इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. मात्र विकत घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.