अपघातानंतरचा हिशेब

रस्त्यावर अपघात झाला की पाच मिनिटांत घोळका जमतो. कुणी पाणी आणतो, कुणी रिक्षा थांबवतो आणि एखादे वडीलधारे गृहस्थ हमखास सल्ला देतात, ‘पोलिसांत कशाला जाता? आपसात मिटवून टाका.’ गाडीवाला खिशातून पाच-दहा हजार काढतो, जखमीचा भाऊ ते घेतो. मोडलेला पाय पुढे किती महिने घरी बसवणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नसते.

या मिटवामिटवीमागे कोर्टाची भीती असते. पण शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या वाटा आहेत. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार तो आपण राहतो तिथेही करता येतो. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे कुणाचे म्हणणे अधिक संभवनीय, एवढेच पाहतात. शिवाय त्रयस्थाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा असल्यामुळे पैसे बहुधा विमा कंपनी देते. ‘त्या गरीब ड्रायव्हरकडे काय असणार’ म्हणून हक्क सोडण्याचे कारण नाही.

भरपाई ठरते कशी? डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी देतात. पण कमाई किती टक्के बुडाली, हा प्रश्न निराळा. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फरक उलगडून दाखवला. डावा हात गेलेल्या सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. त्याच दुखापतीनंतर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. आणि घरच्या बाईचे काय? ‘ती काही कमवत नाही’ हे वाक्य आता न्यायालयात चालत नाही. तिच्या घरकामाचेही मोल धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ठणकावून सांगितले.

निकालानंतरची बाजू मी बँकेत पाहिली. १९९३ मध्ये केरळ राज्य परिवहन महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अज्ञान वारसांची रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. अशा ठेवी आमच्याकडे येत. न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय त्यावर कर्ज नाही की मुदतीआधी मोडणे नाही. महिन्याचे व्याज न्यायला पोरांची आई येई. मागोमाग कधी दीर येई, कधी मामा. कुणाला धंदा काढायचा असे, कुणाला घर बांधायचे असे. ‘पैसा आमच्याच घरचा ना?’ असा आवाज चढे. नियमावर बोट ठेवून व्यवस्थापक नाही म्हणे आणि काउंटरपलीकडे ती बाई न बोलता उभी असे. त्या नकारावर पोरांची शिक्षणे होत.

हे सारे मिळायला कागद लागतात. पोलिसांतील नोंदीची प्रत, दवाखान्याची कागदपत्रे, प्रत्येक बिल, पगाराचा दाखला आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र एका फायलीत ठेवावे. अर्ज सहा महिन्यांत करावा, असे कायदा २०२२ पासून सांगतो. गाडी पळून गेली तरी हात टेकू नयेत. तशा अपघातात मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आपण नेहमीच जखमीच्या बाजूला असू, असे नाही. दहावी झालेल्या मुलाच्या हाती कौतुकाने स्कूटरची किल्ली देणारी घरे कमी नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला आहे. चालकाकडे परवाना नसेल, तर जखमीला दिलेले पैसे विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा जातो तो आपला भविष्यनिर्वाह निधी, कधी राहते घर. पण पैसा कसाही उभा करता येतो. समोरच्या घरातल्या कर्त्या माणसाचा गेलेला हात मात्र कुठल्याच न्यायाधिकरणाला परत देता येत नाही. किल्ली खुंटीवर असते तोवरच हा हिशेब आपल्या हातात असतो.