पन्नाशीची मोटार, शर्यतीची मोटार

बुऱ्हाणपुरात नोंदलेल्या मोटारीच्या पाटीवर एमपी 68 असतं. परदेशातून आणलेली जुनी गाडी इथे नव्यानं ‘विंटेज’ म्हणून नोंदवली, तर हा 68 तिच्या वाट्याला येत नाही. राज्याची अक्षरं, मग व्हीए, मालिकेची दोन अक्षरं आणि चार आकडी क्रमांक. जिल्ह्याला जागाच नाही. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो.

केंद्र सरकारची ही नियमावली जुलै 2021 ची. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, नूतनीकरणाला 5,000. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. शर्यतीचा त्यात उल्लेख नाही.

ही पन्नाशी दरवर्षी पुढे सरकते, हे मला फार मोलाचं वाटतं. ब्रिटनमध्ये 1934 साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबनं 1930 च्या अखेरीस रेघ ओढली, आणि त्यांच्या लेखी ‘विंटेज’ची हद्द आजही तीच आहे. लंडन ते ब्रायटन या वार्षिक दौडीत 1905 पूर्वीच्याच गाड्या घेतात. रेघ पक्की असली की गाड्यांची संख्या वाढू शकत नाही. शर्यतीत एक मोडली की एक कमी. आपली रेघ सरकती असल्यामुळे आता प्रीमियर पद्मिनीही विंटेज होऊ लागली आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. 1,089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. घरच्यांना लग्नाला नेणारी ही गाडी मद्रासजवळच्या शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, शर्यतीतही पळत असे. अर्थात जशीच्या तशी नव्हे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, कार्ब्युरेटर बदलायचा, सायलेन्सर मोकळा करायचा, आतली आसनं काढून वजन उतरवायचं. भारतीय मोटारशर्यत अशा गॅरेजांच्या हातांनी उभी राहिली.

आणि नियम अडतो तो नेमका इथेच. जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी जागतिक संघटना एफआयएचं ‘अपेंडिक्स के’ आहे. गाडी कोणत्या कालखंडात बसते, हे तिथे तिच्या घडणीवरून ठरतं. बांधणीची तारीख निर्णायक असतेच असं नाही. त्या काळी मान्य असलेला शर्यतीचा बदल पुराव्यानिशी दाखवता आला, तर तोच तिची ओळख होतो. इटलीच्या मिले मिल्यातही 1927 ते 1957 च्या मूळ शर्यतीत उतरलेल्या मॉडेलांनाच प्रवेश असतो. आपल्याकडे शोलावरमला पळालेल्या गाडीचं इंजिन हा ‘मोठा फेरफार’ ठरू शकतो. जिनं शर्यत पाहिलीच नाही ती गाडी निर्विघ्न पास.

पन्नाशी गाठणंही सोपं नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं ती फक्त जुनी असते, मिस्त्रीच्या जिवावर तगते, आणि मिस्त्री मिळेल तो पार्ट बसवतो. पेट्रोल परवडेना म्हणून देशभर कितीतरी जुन्या जीपांत डिझेल इंजिनं बसली. निमाड-खानदेशही त्याला अपवाद नाही. गाडी त्यामुळे वाचली, पण मूळपण गेलं.

डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला विंटेज म्हणा, असा माझा आग्रह नाही. पण त्या काळीच शर्यतीसाठी झालेला बदल आणि नंतरची तडजोड यांत फरक करायला हवा. नोंदणी प्रमाणपत्रात त्यासाठी वेगळा रकाना ठेवता येईल: बदल काय, कोणत्या वर्षी, पुरावा कोणता. शर्यतीच्या प्रवेशयाद्या, तेव्हाची मासिकं, गॅरेजची बिलं, मागे वर्ष लिहिलेले फोटो हे सगळं पुरावा म्हणून चालावं. ही कागदपत्रं अजून काही घरांच्या ट्रंकांत असतील. रद्दीत जाण्याआधी ती मागायला हवीत.