प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी

समाजकार्य शिकणाऱ्या अनेकांना संशोधन म्हणजे शेवटच्या वर्षी उरकायचा प्रबंध वाटतो. वस्तीत काम करायला कळवळा लागतो, आकडेमोड कशाला हवी, हा पहिला गैरसमज.

गडचिरोलीचा अनुभव वेगळा आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि बायकांनी मुकाट्याने सोसलेल्या दुखण्याला आकडा मिळाला. पुढे बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुलनेची गावे नसती, तर ही घट कशामुळे झाली हे छातीठोकपणे सांगता आले नसते. आज आशाताई बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हा पुरावा आहे.

दुसरा गैरसमज नीतीविषयीचा : कागदावर सही किंवा अंगठा मिळाला की संमती झाली. जी संस्था धान्य देते, तिचाच माणूस वही घेऊन दारात आला तर बाई नाही कशी म्हणेल? नकार दिला तरी मदत थांबणार नाही, मधेच उठून जाता येईल, हे तिला पटेल असे सांगावे लागते; शक्य असेल तर विचारणारा माणूसच वेगळा असावा.

‘नाव गाळले की ओळख लपली’ हेही खरे नाही. पाड्याचे नाव, वय, विधवा असणे आणि अंगणवाडीतली मदतनीस, एवढे लिहिले की तालुक्याला कळते कोण ते. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदा, काही अपवाद सोडता, संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करू देत नाही. आता मोबाइलवर भरायच्या अर्जात घराचे ठिकाणही नोंदले जाऊ शकते. ते खरोखर हवे आहे का, हे सर्वेक्षणाआधीच ठरवायला हवे.

सर्वांत अवघड गैरसमज मात्र चांगल्या हेतूतून येतो. मुलाखतीच्या सुरुवातीला कार्यकर्ता म्हणतो, ‘तू सांगशील ते कोणालाच कळणार नाही.’ समोर अल्पवयीन मुलगी असेल आणि तिने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर हा शब्द पाळता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. विश्वासाने बोललेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी दारात पोलीस दिसले, तर ती पुन्हा कोणाशी बोलेल? म्हणून गुप्ततेची मर्यादा पहिल्या प्रश्नाआधी, तिला समजेल अशा भाषेत सांगावी. समुपदेशक आणि बालकल्याण समितीचा संपर्क आधीच हाताशी असावा. हे माझ्या मते कौशल्य आणि नीती दोन्ही एकदम आहे. प्रशिक्षणात याचा सराव प्रश्नावली बनवण्याइतकाच व्हायला हवा.

अहवाल देणगीदाराकडे गेला की काम संपले, असेही समजले जाते. तो आधी ग्रामसभेत वाचून दाखवावा. स्थलांतरित कुटुंबे गणतीतून सुटली, हंगाम चुकीचा धरला, हे तिथलीच माणसे दाखवून देऊ शकतात आणि दुरुस्ती वेळेत होते.