कातळावरच्या फुलांची मुदत

श्रावणात लोणावळ्यास येणारा प्रवासी राजमाचीच्या वाटेवरील एखादा ओढा ओलांडताना कातळावरून पाय निसटला की 'शेवाळ आहे' एवढे म्हणून पुढे जातो, आणि त्या एका शब्दाखाली पुष्कळ काही झाकून टाकतो. वाहत्या पाण्याखाली दगडाला चिकटलेला प्रत्येक हिरवा पापुद्रा शेवाळाचाच असतो, ही समजूत खरी नव्हे. सह्याद्रीच्या ओढ्यांत पोडोस्टेमेसी या कुलातील वनस्पती वाढतात; जगात या कुलाच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि त्या सर्व सपुष्प आहेत. जे. सी. विलिस यांनी सिंहलद्वीप व भारतातील या कुलाविषयी १९०२ साली विस्ताराने लिहिले. या वनस्पतींच्या अनेक जातींत खडकाला धरून पसरलेला तो पापुद्रा म्हणजे चपटे, हिरवे झालेले मूळच असते, आणि त्याच मुळावर पुढे फुले येतात.

पाण्यातील फुलांचे पराग पाणीच वाहून नेते, हा दुसरा समज. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या बाबतीत तो सार्थ आहे, कारण तिची नरफुले सुटून पाण्यावर तरंगतात. आमच्या कातळवासी वनस्पतीची कळी मात्र पावसाळ्यात, प्रवाहाखालीच, पातळ पिशवीसारख्या आवरणात तयार होते, आणि पाऊस ओसरून पाणी उतरू लागले की देठ लांबून, आवरण फाटून ती हवेत येते. पाकळ्यांचा थाट नाही, सुवास नाही. बहुतेकांत एका समाईक देठावर दोन पुंकेसर आणि त्यांच्याजवळ दोन कुक्षींचा अंडाशय, एवढाच लवाजमा.

याच कुलातील काही जातींत, उदाहरणार्थ हायड्रोब्रायॉप्सिसमध्ये, तर आवरण फाटण्यापूर्वीच, कळीच्या आतच परागण उरकलेले असते. यालाच वनस्पतीचे अधःपतन समजणे हा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाचा, गैरसमज. परपरागणातून झालेली संतती बहुधा अधिक जोमदार असते, हे डार्विनने १८७६ च्या ग्रंथात दाखविले, ते मला मान्यच आहे. परंतु जिथे वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पाणी केव्हा उतरेल याची मुदत कुणीही मुक्रर करीत नाही, आणि परतीच्या एका सरीने उघडलेले फूल पुन्हा बुडू शकते, तिथे कीटकाची वाट न पाहता बीजाची तजवीज करून ठेवणे ही दुर्बलता कशी म्हणावी? गर्भाला पोसणारा पुष्क निर्माण करणारे दुसरे फलन, जे नवाशिनने १८९८ साली इतर वनस्पतींत दाखविले, तेही येथे होत नाही. तरी बीज पक्व होते.

खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध करणाऱ्या फादर सांतापाव यांच्या प्रदेशात आज आपण बहुधा पावसाळ्यातच फिरतो, आणि फुलांच्या नेमक्या दिवसांत, कार्तिकाच्या सुमारास, घरी असतो. वरच्या अंगाला बंधारा घालून पाण्याची चढउतार थांबविली, तर ही फुले हवेत येण्याचा प्रसंगच उरत नाही. उतरत्या पाण्यावर ज्यांचे सर्व वेळापत्रक बसलेले आहे, त्यांना बारमाही पाणी म्हणजे मरण. एरवी पाणी उतरले की उन्हात मूळ झाड सुकून कातळाला चिकटलेली काळसर खूण तेवढी राहते. फळे उकलून धुळीसारखी बीजे खाली पडतात, आणि ज्येष्ठाच्या पहिल्या पाण्याने त्यांच्या सालीला चिकटा सुटला की ती पुन्हा त्याच दगडाला धरून बसतात.