नानीचा दिवा आणि लिथियमचा सेल

कोकणात माझ्या माहेरी पावसाळ्यात एकदा लाइट गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो. माझी अम्मी, म्हणजे मुलांची नानी, तिथे एकटी राहते. रात्री उठायचे तर हातात मेणबत्ती. गेल्या मे महिन्यात माझा धाकटा नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि नानीसाठी चार्जिंगचा दिवा स्वतः बनवायचे त्याने मनावर घेतले. दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून बसण्यापेक्षा हे बरे, म्हणून मीच त्याला पैसे दिले. त्याने दोन सेल, एक एलईडी आणि थोडी वायर आणली.

एका दुपारी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत निघाले, तर त्याच्या टेबलाकडून काहीतरी तापल्याचा वास आला. जुन्या मोबाइल चार्जरची वायर कापून त्याने ती चिकटपट्टीने थेट सेलच्या दोन टोकांना लावली होती आणि स्वतः खाली क्रिकेट खेळायला गेला होता. सेलला बोट लावले तर चटका बसला. मी आधी प्लग काढला. मग स्वयंपाकघरातली सांडशी आणली, सेल उचलून गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत टाकला आणि दार लावून घेतले. सुदैवाने तो हळूहळू निवला.

माझ्या भावाचे मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. त्याला फोन केला, तर भाच्याआधी तो माझ्यावरच रागावला. "आपा, लोखंडी सांडशीने सेल उचलतात का? दोन्ही टोके जोडली गेली असती तर तिथेच शॉर्ट झाला असता. इतका तापलेला सेल दिसला की बटण बंद करायचे आणि माणसांना घेऊन खोलीबाहेर पडायचे."

पुढच्या रविवारी तो घरी आला. मला वाटले होते, आता हे सगळे सामान भंगारात जाणार. पण त्याचे म्हणणे वेगळे होते. "सेलचा दोष नाही. याने त्याला चार्जरच लावला नव्हता."

मला कळेना, चार्जर तर समोर होता. तेव्हा त्याने समजावले ते असे. मोबाइलसोबत मिळणाऱ्या ज्या डबीला आपण चार्जर म्हणतो, ती फक्त भिंतीतल्या विजेचे ५ व्होल्ट करून देते. खरा चार्जर मोबाइलच्या आत असतो. लिथियम आयनचा नेहमीचा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. आतले सर्किट सुरुवातीला ठरलेल्या वेगाने करंट देते, ४.२ जवळ आले की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी करत नेते आणि मग बंद करते. माझ्या मुलाने हा मधला पहारेकरीच काढून टाकला होता. ५ व्होल्ट थेट सेलवर, आणि कुठे थांबायचे ते सांगणारे कोणी नाही.

घरातल्या इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीला थोडे जास्त चार्जिंग झाले तर पाणी उडते, तेवढ्यावर भागते. लिथियमच्या सेलमध्ये पाणी नसते, पेट घेणारा द्रव असतो. प्रमाणाबाहेर भरला की तो आतून तापतो, त्या उष्णतेने आतील रसायने आणखी उष्णता आणि ऑक्सिजन सोडतात, आणि एका टप्प्यानंतर प्लग काढूनही ते थांबत नाही. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलॅक्सी नोट ७ हा फोन जगभरातून परत घ्यावा लागला, तो बॅटरीतल्या दोषांमुळेच. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे झाले, तर चिकटपट्टीचे काय सांगावे!

आता मुलाने आणलेले सेल. हा प्रकार १८६५० या नावाने मिळतो, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. वेष्टनावर ठळक अक्षरांत ९९०० एमएएच लिहिलेले. भाऊ हसला. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३५०० असते, त्याच्या तिप्पट कुठून येणार? त्याने माझा किचनचा काटा मागितला. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. आमचा भरला ३१. मी भाजी तोलून घेणारी बाई, पण सेल तोलून घ्यायचा असतो हे त्या दिवशी कळले.

मुलाने विचारले, "मामू, मग जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल चालतील?" या छंदातल्या बहुतेक मुलांची नजर तिकडेच असते, कारण ते फुकट मिळतात. अशा बॅटरीत बहुधा सहा सेल असतात, आणि पुष्कळदा एखादी जोडी गेलेली असते व बाकीचे बरे असतात. पण बरे कोणते, हे डोळ्यांनी दिसत नाही. मल्टिमीटरवर २ व्होल्टच्याही खाली गेलेला दिसला तर तो पुन्हा भरायचा नाही. इतका रिकामा पडून राहिलेला सेल आतल्या आत खराब होतो आणि पुढे शॉर्ट होऊ शकतो. चार्ज होताना गरम होणारा बाद. पूर्ण भरून दोन आठवडे ठेवल्यावर व्होल्टेज बरेच उतरले असेल, तर तोही बाद. पॅक फोडताना स्क्रूड्रायव्हर घुसला, तर आग हातातच. भावाचे मत, आणि आता माझेही, की शिकणाऱ्या मुलाने भंगारापासून सुरुवात करू नये. दीड-दोनशे रुपयांची बचत घराच्या भावात पडू शकते.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. या सेलचा सगळा पत्र्याचा डबा म्हणजेच उणे टोक. अधिक टोक आणि डबा यांच्यात वरच्या बाजूला केवढेसे अंतर, आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकचे वेष्टन. ते फाटलेले असले, किंवा खिशात सेलसोबत किल्ल्या असल्या, तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. म्हणून सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचे.

दिवा मग नव्याने बनला. खात्रीच्या दुकानातून २५०० एमएएचचा एक सेल, प्लॅस्टिकचे होल्डर, आणि टीपी ४०५६ नावाचे नखाएवढे चार्जिंग सर्किट. हे सर्किट दोन तऱ्हेचे मिळते. एकात फक्त चार्जिंगची सोय असते. दुसऱ्यात सेल फार रिकामा होऊ न देणारे आणि शॉर्ट झाल्यास तोडणारे संरक्षणही असते, आणि दिव्यासाठी वेगळी 'आउट'ची दोन टोके असतात. दुसरेच घ्यायचे आणि दिवा 'आउट'लाच जोडायचा. थेट सेलवर जोडला तर ते संरक्षण असून नसल्यासारखे. होल्डर यासाठी की सेलवर सोल्डरगन टेकवावी लागू नये. त्या उष्णतेने सेल आतून दुखावतो. कारखान्यात निकेलची पट्टी क्षणभराच्या स्पॉट वेल्डिंगने लावतात.

हिशेब मुलाने स्वतः मांडला. अडीच अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे सव्वानऊ वॉट-तास. ३ वॉटचा एलईडी त्यावर तीन तास चालायला हवा, थोडे वाया जाते म्हणून अडीच धरायचे. त्याच हिशेबाने १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून मोबाइलला तेवढे का मिळत नाही, हेही त्याने मला ऐकवले. छापलेला आकडा ३.७ व्होल्टचा असतो, बाहेर येतात ५. अशी घरी जोडलेली पॉवर बँक घेऊन विमानात मात्र जाऊ नये. आखातात जाणाऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवावे. कंपनीची असली तरी ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते आणि १०० वॉट-तासांच्या आत असावी लागते.

जास्त सेल एकापुढे एक जोडायचे असतील, तर सगळे एकाच जातीचे, एकाच वयाचे हवेत, आणि प्रत्येकावर लक्ष ठेवणारे बीएमएस हवे. भावाने ते या वर्षी करू दिले नाही. मोठा दिवा हवाच असेल तर लिथियम फॉस्फेटचा सेल घ्या, असे तो सांगतो. त्याचे व्होल्टेज कमी, ३.२, आकारही मोठा, पण उष्णता तो जास्त सोसतो. त्याचा चार्जर मात्र वेगळा, ३.६५ व्होल्टला थांबणारा.

घरात आता चार्जिंग फरशीवर होते, गादीवर किंवा पडद्याजवळ नाही, आणि कोणीतरी जागे असतानाच. फुगलेली बॅटरी, मग ती मोबाइलची का असेना, दाबून बसवायची नाही की टोचायची नाही. आग लागलीच तर आधी मुले-माणसे बाहेर, कारण धूर विषारी असतो, आणि १०१ ला फोन. वीज बंद करून सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतता आले तर सेल थंड होतो.

ते दोन खोटे सेल टोकांना चिकटपट्टी लावून भावाने नेले. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून जमा करणाऱ्यांकडे द्यायच्या असतात. घंटागाडीत टाकल्या तर गाडीत चेपून पेटतात, आणि भाजतो तो कचरा उचलणारा.

जूनमध्ये दिवा नानीकडे पोहोचला. ती रोज दुपारी जेवण झाल्यावर तो ओट्याच्या लादीवर चार्जिंगला लावते आणि लाल दिव्याचा निळा होईपर्यंत शेजारी तांदूळ निवडत बसते. धाकट्याच्या डोक्यात आता सायकलला मोटर बसवायचे आहे. मामूने तो विषय दहावीच्या परीक्षेनंतरवर ढकलला आहे.