आजारी कोंबडीची शुश्रूषा

अचलपुरासारख्या जुन्या कसब्यात, जेथे वैशाखात पारा चाळीस अंश सहज ओलांडतो, तेथे चोच उघडी टाकून व पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणारी कोंबडी रुग्णच असेल असे नाही. तिचे प्राकृत तापमानच ४१ ते ४२ अंश असल्यामुळे उष्म्याची बाधा तिला लवकर होते, आणि वेळीच सावली व गार पाणी मिळाल्यास ती बहुधा सावरते. परंतु जी सावलीतही पिसे फुलवून, डोळे मिटून एकटी उभी राहते, तिला प्रथम इतरांपासून अलग, डालग्याखाली ठेवावे. प्रातःकाळी दाणा टाकण्यापूर्वी गळ्याखालील पिशवी हलकेच चाचपावी. रात्रभरात ती रिकामी व्हावयास हवी, टणक लागल्यास दाणा अडला असे समजावे. विष्ठेतील रक्त बहुधा रक्ती हगवणीचे असते, व तिच्यावर वेळेवर दिलेले औषध लागू पडते.

हिरवट पातळ विष्ठा, धाप आणि पिळवटलेली मान ही मात्र मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लक्षणे होत. या विषाणुजन्य रोगावर इलाज नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब देणे आणि पुढे ती सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी लस टोचून घेणे हीच खरी तजवीज, आणि तीत हयगय करणे मला अक्षम्य वाटते. एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास, २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आढळला होता हे स्मरून, मृत पक्ष्यांना हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तत्काळ वर्दी द्यावी.